अंतराळातली पिलबाग

सावदा,
मंगळवार, १६ डिसेंबर १९९७

जळगाव-धुळे परिसरातील समस्त वक्तेहो, घसा बसेपर्यंत बोलून टाळ्यांऐवजी खोकला पदरात घेणाऱ्या माझ्या बांधवांनो, मी तुम्हाला विचारतो, आपले ऐकणारे कोणी पळवले?

(हे पत्र तुला एकट्याला आहे, बन्सीलाल. पण छत्तीस वर्षांची सवय. समोर एक माणूस असला तरी मला सभा दिसते. आणि हल्ली सभेतही एकच माणूस असतो, तेव्हा फारसा फरक पडत नाही.)

प्रिय मित्र बन्सीलाल यास जीवरामचा सप्रेम नमस्कार. सौ. लतावहिनींना नमस्कार सांगणे. तुझा गुडघा कसा आहे? घसा कसा आहे? गुडघ्याचे एक वेळ चालेल, घशाला जप. तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा धरत जा आणि थंडीत मफलर सोडू नकोस. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे, झोप लागत नाही एवढेच. सोनगीरच्या तुझ्या सभेची हकीकत वहिनींच्या पत्रातून आमच्या सौ. मंदाला कळली आणि मंदाकडून मला. चार श्रोते, त्यातला चौथा तू लोकशाहीवर येताच उठला आणि म्हणाला, "भाऊ, गाडी उनी. बाकीनं पुढला सालले सांगा." बन्सीलाल, खरे सांगतो, ते ऐकून मी हसलो होतो. फार हसलो होतो. ते हसू मी आज परत घेतो. तुझा श्रोता निदान एसटीने पळवला. एसटी ही सरकारी आहे, तिच्यापुढे आपले काय चालणार? माझे श्रोते ज्याने पळवले त्याला मी इंग्रजीत पस्तीस मार्क दिले होते, आणि त्यातले सात माझ्या दयेचे होते.

रतिलाल तुला आठवत असेल. मागे तू आमच्या वाचनालयात बोलायला आला होतास तेव्हा माइकची वायर पायात अडकून जो पडला तोच. त्याचा स्टेशन रोडला टायपिंगचा क्लास होता, त्याचा आता कॉम्प्युटर क्लास झाला आहे. दिवाळीत मुंबईच्या कोणा मेव्हण्याकडून त्याने एक गेम आणला, तीन सीडींचा. क्लासला विद्यार्थी यावेत म्हणून त्याने मॉनिटर खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडे, आणि संध्याकाळी सहा ते आठ, वीज असेल तोवर, तो गेम खेळू लागला.

गेम म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर पळापळ आणि गोळीबार आला असेल. तसले काही नाही. एक जहाज आकाशातून चालले आहे. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही म्हणून माणसे दुसऱ्या ग्रहाकडे निघाली आहेत, प्रवास दोनशे वर्षांचा, आणि मधेच एकाला जाग येते तर जहाजात कोणी नाही. बाकीचे कुठे गेले ते त्याने शोधायचे. कसे शोधायचे? चालून. बन्सीलाल, तो चालतो. एक बोळ येतो. बोळाच्या शेवटी दार येते. दार उघडायला पाऊण मिनिट लागते. दारापलीकडे बोळ असतो. पहिल्या चार संध्याकाळी त्या माणसाने सहा दारे उघडली आणि एक नळ बंद केला. हे मी ऐकीव सांगत नाही. समोरच्या नजीर टेलरच्या दुकानात मी विजारीचे माप द्यायला गेलो होतो (चारही दिवस गेलो होतो, माप नीट द्यावे लागते), तिथून मी मोजले. एकेचाळीस माणसे! सायकली स्टँडला लावून, हाताची घडी घालून, एकेचाळीस माणसे दार उघडण्याची वाट पाहत होती. माझ्या भाषणात दार उघडते ते बाहेर जाण्यासाठी. पाचव्या दिवशी रतिलाल 'सेव्ह' नावाचे काहीतरी करायला विसरला आणि वीज गेली, तेव्हा सहाव्या दिवशी तीच सहा दारे आणि तोच नळ पुन्हा पाहावा लागला. लोकांनी पाहिला! माझ्या बोलण्यात एखादा मुद्दा दुसऱ्यांदा आला तर निंबाभाऊ, म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, घड्याळाला चावी देऊ लागतात. ते निंबाभाऊ पहिल्या रांगेत होते, आणि शेजारच्याला सांगत होते की आता नळ येईल बरं का.

मंदा म्हणते, तुम्ही जळता. मी जळत नाही. मला समाजाची काळजी वाटते.

सातव्या दिवशी त्या माणसाला जहाजाच्या कप्तानाची रोजनिशी सापडली. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, पडदाभर. रतिलालने ती पाहिली, डोके खाजवले आणि पुढचे बटण दाबले. लोक म्हणाले, अरे काय लिहिलंय ते सांग. रतिलालने सात मार्कांची आठवण होऊन खिडकीबाहेर पाहिले. तेवढ्यात आमच्या नजीरने कात्री खाली ठेवली आणि मला म्हणाला, "सर, आप जाके पढ़ दो ना. इन लोगां का भला होगा." मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा नको म्हणत मी रस्ता ओलांडला.

आता त्या रोजनिशीविषयी. बन्सीलाल, जगभरच्या लेखकांची पुस्तके वाचून माझे केस पांढरे झाले, पण इतके निर्जीव गद्य मी पाहिलेले नाही. "दिवस दोनशे बारा. तापमान ठीक. पंपाचा आवाज येतो. तपासले. आवाज येत नाही." मी ते जसेच्या तसे मराठीत सांगितले. कोणी हलले नाही. मला वाटले, संपले, आता घरी जातील. पण ते माझ्याकडे पाहत होते. एकेचाळीस माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती! ही गोष्ट माझ्या बाबतीत एकोणीसशे ब्याऐंशीनंतर घडलेली नव्हती. पुढची ओळ होती, "माळी सांगतो की पाने पिवळी पडत आहेत." बस, एवढीच, त्यानंतर पुन्हा पंप. मागून यशोदाअक्कांनी विचारले, त्या माळ्याचं नाव काय? (अक्का म्हणजे निंबाभाऊंची थोरली बहीण, नवऱ्यामागे सात हजार केळी स्वतः उभी करणारी बाई. तिला उत्तर न देता निसटता येत नाही.) पडद्यावर नाव नव्हते. मी म्हणालो, पुना.

हे नाव माझ्या तोंडून का निघाले हे तुला कळेल, दुसऱ्या कोणाला कळायचे कारण नाही. आमच्या शेतावर पुना नावाचा सालदार होता. मी सहा वर्षांचा असताना त्याच्या खांद्यावर बसून बागेत जायचो. तू त्याला पाहिले आहेस, आपण कॉलेजात असताना तुला त्याने केळीच्या घडाच्या पिकलेल्या शेवटच्या फण्या दिल्या होत्या. त्याला जाऊन आता तीस वर्षे झाली.

त्या दिवसापासून माझे भाषांतर थोडे सैल झाले, हे मी कबूल करतो. कप्तान पंपाचे लिही, मी पुनाचे सांगी. पाने पिवळी का? पाणी तोडले म्हणून. कोणी तोडले? वरच्या मजल्यावरच्या लोकांनी, आंघोळीसाठी. मग पुना वर गेला आणि त्याने जे भाषण केले (साधारण पंचवीस मिनिटांचे, त्यात मानवी हक्क, पाणीवाटप आणि श्रमाची प्रतिष्ठा असे तीन भाग होते) त्याला खिडकीबाहेर टाळ्या पडल्या. कप्तानाने त्या दिवशी लिहिले होते, "सर्व ठीक." रोज माणसे वाढली. रावेरहून एक जण मोटारसायकलने येऊ लागला. नजीरने शिलाई मशीन दाराशी ओढून घेतले. आणि घरी जाताना लोक काय म्हणत, सांगू? म्हणत, "काय डोकं लढवलंय अमेरिकेनं!" म्हणत, "रतिलालनं सावद्याचं नाव काढलं." एकाने मला थांबवून सांगितले की सर, तुमच्या भाषणात असं काहीतरी आणत जा ना.

ही जखम तुला दाखवतो आहे, बन्सीलाल, कारण तूही वक्ता आहेस. परक्या माणसाचा हेवा कोणीही करील. मी माझाच हेवा करीत होतो, आणि तो करताना पाहत होतो की हार रतिलालच्या गळ्यात पडतो आहे.

बरे, हार म्हणजे नुसता बोलण्यात नव्हे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर हिवाळी व्याख्यानमालेचा कार्यक्रम लागला. शेवटचा दिवस, रविवार अठ्ठावीस डिसेंबर, समारोपाचे भाषण. सोळा वर्षे ते भाषण माझे आहे. विषय बदलला, अध्यक्ष बदलले, सतरंजी बदलली, वक्ता बदलला नाही. फळ्यावर लिहिले होते, "संगणक आणि अंतराळ (प्रात्यक्षिकासह), श्री. रतिलाल. कमिटीत नक्की व्हायचे आहे." आणि खाली, "आभार : श्री. जीवराम सर." आभार! ज्या माणसाने माझे आभार मानायचे तो बोलणार, आणि मी उठून सतरंजीवाल्याचे, माइकवाल्याचे आणि त्याचे आभार मानणार. मी निंबाभाऊंना गाठले. ते मला समजावू लागले की गेम संपल्यावर कमिटी ठरवणार, शेवट कसा होतो त्यावर आहे. म्हणजे शेवट फसला तर भाषण माझे. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तुला आपल्याकडची रीत ठाऊक आहे. कुठलीही कथा चार दिवसांपेक्षा जास्त चालली की तिची समाप्ती करावी लागते, आणि समाप्तीला जेवण घालावे लागते. इथे कथा चोवीस संध्याकाळी चालली होती. रतिलाल सहज बोलून गेला की रविवारी गेम संपेल, आणि लोकांनी समाप्ती ठरवूनच टाकली. परवा, रविवारी, भर दुपारी, अक्कांच्या बागेत. गाडीवर मॉनिटर गेला, विहिरीच्या मोटारीवरून वायर ओढली, उजेडात पडदा दिसेना म्हणून वर घोंगडी ताणली. एका बाजूला आचारी भटू आणि त्याची माणसे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. दीड मण वांगी, बन्सीलाल. कांद्याची पात, मिरच्या, पुऱ्या, सगळे आपल्या भरीत पार्टीत असते तसे. दोनशे माणसे. नजीरचे बिऱ्हाड आले होते, त्याची बायको हसीनाबी डब्यात शिरा घेऊन आली होती. आणि अक्कांनी मॉनिटरला हळदकुंकू लावले होते.

शेवटचे दार उघडायला पाऊण मिनिट लागले. पडदा पांढरा झाला. त्यावर चार ओळी आल्या. मी त्या आधी मनातल्या मनात वाचल्या. लिहिले होते की हा प्रवास झालाच नाही. ही एक चाचणी होती. तुम्ही पृथ्वीवरून कधी निघालाच नव्हता. खेळल्याबद्दल आभार.

चोवीस संध्याकाळी! चाळीस दारे! आणि माणूस निघालाच नव्हता! ज्या कोणी हे लिहिले त्याला मी भर चौकात विचारीन की बाबा, तुला शेवट सुचला नाही तर तू सुरुवात का केलीस? पण त्या क्षणी, खरे सांगतो, माझ्या मनात दुसरेच आले. मनात आले, रतिलाल मेला. काही घडवू नकोस, काही जोडू नकोस, जसे आहे तसे वाच, समारोप तुझा. आणि मी, ज्याने अडीच आठवडे एक ओळ खरी वाचली नव्हती, मी त्या चार ओळी अक्षर न बदलता, ठणठणीत आवाजात वाचल्या.

 काड्या तडतडत होत्या. निंबाभाऊ म्हणाले, सर, परत वाचा. मी परत वाचल्या. मग कुजबूज सुरू झाली. इतकी चांगली कथा, आणि अमेरिकेचा माणूस असा शेवट करीलच कसा? सरांचे वाचण्यात चुकले. मागून कोणीतरी तोंड लपवून म्हणाले, सर जयतात, म्हणजे मंदा म्हणते तेच. आणि मग रतिलाल उभा राहिला. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, माझ्या, आणि सगळ्यांना समजावले की सरांना बोल लावू नका, वयाप्रमाणे नजर कमी होते. मी खोटे सांगितले तोवर माझे इंग्रजी बिनचूक होते. खरे वाचले आणि मी आंधळा झालो.

मी चपला शोधत होतो तेव्हा अक्कांनी विचारले, "मंग त्या पुनाचं काय झालं?"

मी म्हणालो, अक्का, यात नाही. यात त्याचे काही लिहिलेले नाही.

"मशीनमधी नसू द्या. तुमाले ठाऊक हाये का नाही?"

बन्सीलाल, मला ठाऊक होते. पंधरा दिवस ठाऊक होते. ते मी कोणाला सांगणार नव्हतो, कारण सांगितले असते तर रतिलालचा शेवट फसला नसता. मी चपला पायात घातल्या. मग काढल्या. मॉनिटरकडे पाठ केली आणि सांगायला लागलो.

मी सांगितले की कप्तानाला चाचणी वाटली, कारण तो कधी बागेत उतरलाच नाही. जहाज निघाले होते. दोनशे वर्षांच्या प्रवासात आपण स्वतः पोचणार नाही हे पुनाला पहिल्याच दिवशी समजले होते. केळीचे झाड एकदाच घड देते आणि संपते, हे ज्याने हाताने केले त्याला हा हिशेब सांगावा लागत नाही. तो घड उतरवी, झाड कापी, बुंध्याशी फुटलेल्या पिलांतले एकच ठेवी, बाकीची काढी. त्या पिलाचे झाड, त्या झाडाचे पील. आणि ज्याला सगळे शोधायचे होते त्या हेल्मेटवाल्याने शेवटचे दार उघडले तेव्हा आत पुना नव्हता. पुना जाऊन किती वर्षे झाली होती कोण जाणे. आत पिलबाग होती. प्रत्येक कापलेल्या बुंध्याशेजारी एक पील, सगळी ओळीच्या एकाच अंगाला, दोरी धरून लावावीत तशी. आणि पाणी चालू होते.

चाळीस मिनिटे लागली. भटू वांग्याची साले काढायची विसरून हातात काठी धरून उभा होता. दोनशे माणसांत एक खोकला आला नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले भाषण होते, हे मी तुला लिहितो कारण तिथे असे म्हणणारा कोणी नव्हता. टाळ्या पडल्या त्या मॉनिटरकडे तोंड करून पडल्या. निंबाभाऊ उठले, हार आणलेला होता, तो त्यांनी पडद्याला घातला. आणि कमिटीचे सभासद समोरच पुऱ्या खात असल्यामुळे समारोपाचे भाषण रतिलालला एकमताने देऊन टाकले. रतिलालने हात जोडले. पडद्यावर, हाराच्या मागे, अजून लिहिलेले होते की तुम्ही निघालाच नव्हता.

मी जेवणार नव्हतो. अक्कांनी पत्रावळ पुढे ठेवली, भरीत वाढले, वर कच्चे तेल सोडले आणि इकडेतिकडे पाहून हळू विचारले, "सर, अमेरिकेतल्या मानसाले केयीचं पील एकाच अंगाचं ठेवा लागते हे कसं कयलं?" मी भरीत खात राहिलो. त्या म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यानं तुमच्याच पुनाकडून शिकलं होतं ते," आणि पुढच्या पत्रावळीकडे गेल्या.

तरी माझा लढा तत्त्वाचा आहे. यंत्राला हार घालणारा समाज उद्या यंत्राला मत देईल! तू अठ्ठावीस तारखेला सकाळच्या गाडीने सावद्याला यावेस, रतिलालच्या भाषणाआधी वाचनालयाच्या पायरीवर आपण दोघांनी जाहीर निषेध करावा, असे मी ठरवले आहे. तू पहिला बोल, मी नंतर. (लांबवू नकोस.) वहिनींना पुन्हा नमस्कार. मफलर विसरू नकोस.

तुझा,
जीवराम

ता.क. (बुधवार सकाळ.) निषेधाचे तूर्त राहू दे. काल रतिलाल घरी आला होता. खुर्चीत टेकला आणि मान खाली घालून म्हणाला, सर, अठ्ठावीस तारखेला मी बटणं दाबीन, बोलणार तुम्हीच ना? नाहीतर मी तिथं काय सांगू? मी विचार करून कळवतो म्हणालो. (तो गल्लीच्या तोंडाशी पोचेतो मी कळवले.)

ता.क. दुसरा. सीडीच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले आहे की या गेमचा दुसरा भाग निघाला आहे. नजीरच्या साडूने तो तुमच्या धुळ्यात, आग्रा रोडवरच्या एका दुकानात काचेत लावलेला पाहिला. निळे खोके आहे, वर जहाजाचे चित्र.

ता.क. तिसरा. त्यात पुना नसेल. मला ठाऊक आहे. अक्काही काल वाटेत भेटल्या, त्यांनी पिलांचं पुढं काय झालं एवढेच विचारले. कथा कशीही असो, अगदी पहिल्यासारखी भिकार असली तरी चालेल, फक्त दारे सावकाश उघडणारी हवीत. बोलायला मोकळा वेळ मिळतो. तेव्हा बन्सीलाल, हे पत्र खाली ठेव, मफलर गुंडाळ, आग्रा रोडवर जा, आणि ते निळे खोके आजच्या आज घे.